डिसेंबर १९६१ चे परदेशी पेपर घरबसल्या कुठे वाचायला मिळतील? एमएच्या प्रोजेक्टसाठी हवेत

फोंड्याची_पोर:

नमस्कार सगळ्यांना. मी एमए हिस्टरी करतेय, डिसर्टेशनचा विषय घेतलाय गोवा मुक्तीची बातमी परदेशातल्या पेपरांनी कशी दिली. विषय सरांनाही आवडला, पण आता ते म्हणतात निदान दहा देशांचे पेपर बघ, पुस्तकांतल्या तळटिपा उचलून चालणार नाही, मूळ पान स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं पाहिजे. बरोबरच आहे त्यांचं, पण ते पेपर आणायचे कुठून? गूगल केलं की आजच्या पेपरांच्या साइट येतात, त्यांच्यात दर १९ डिसेंबरला आठवण म्हणून आलेले लेख ढीगभर, पण ६१ सालचा अंक काय दिसत नाही. आणि जिथे जुने अंक आहेत तिथे दोन ओळी दाखवतात आणि कार्ड नंबर मागतात, तेपण डॉलरमध्ये. एका ठिकाणी फ्री ट्रायल घेतलं होतं भावाच्या कार्डावर, ते बंद करताना एवढा त्रास दिला की भाऊ अजून टोमणे मारतो.

फुकट किंवा निदान स्टुडंटला परवडेल असं काही आहे का? इंग्लिश वाचता येतं, पोर्तुगीज अजिबात नाही. घरी आजोबांना थोडं यायचं म्हणतात पण ते आता नाहीत. पणजीला खेप मारायची तयारी आहे पण रोज रोज जमणार नाही, सकाळी पार्ट टाइम शिकवते.

म्हापशेकार:

न्यूयॉर्क टाइम्सचं टाइममशीन म्हणून आहे बघ, १८५१ पासूनचे अंक पानंच्या पानं जशीच्या तशी, जाहिरातींसकट. पण सबस्क्रिप्शन लागतं. एक महिन्याचं घे, आधी तारखांची यादी करून ठेव आणि त्या महिन्यात सगळं काढून बंद कर. भावाचं कार्ड नको वापरू 😄

जुने_कागद:

फोंड्याची पोर, तू शोधतेयस ते पेपरवाल्यांच्या साइटवर मिळणारच नाही, तिथे सगळं विकायला ठेवलेलं आहे. तू जा त्या त्या देशाच्या राष्ट्रीय लायब्ररीच्या साइटवर. बऱ्याच देशांनी सरकारी पैशाने जुने पेपर स्कॅन करून फुकट ठेवलेत, लॉगिनसुद्धा लागत नाही. मी लायब्ररीच्या कामात आयुष्य काढलंय म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून दे.

पहिलं ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह. यात एक गंमत आहे, कॉपीराइटमुळे त्यांचे बहुतेक पेपर १९५४ ला येऊन थांबतात, त्यामुळे पोरं ६१ टाकतात, थोडेच रिझल्ट येतात आणि ट्रोव्हमध्ये काही नाही म्हणून निघून जातात. पण द कॅनबेरा टाइम्स १९९५ पर्यंत आहे. आणि ट्रिब्यून नावाचा तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा पेपर १९९१ पर्यंत. म्हणजे एकाच देशातला एक राजधानीतला नेहमीचा पेपर आणि एक कट्टर डावा, दोन्ही एकाच जागी, फुकट. तुझ्या विषयाला याहून सोयीचं काय असणार.

न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट. त्यात ख्राइस्टचर्चचा द प्रेस आहे, ६१ साल त्यात मिळतं. सिंगापूरचं न्यूजपेपरएसजी, त्यात द स्ट्रेट्स टाइम्स. हा आपल्यासारखाच नुकता वसाहतीतून बाहेर पडणाऱ्या भागातला पेपर, त्यामुळे त्याचा सूर लंडनपेक्षा वेगळा निघतो का ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेचं क्रॉनिकलिंग अमेरिका, लायब्ररी ऑफ काँग्रेसचं, ते १९६३ पर्यंत येतं आणि त्यात वॉशिंग्टनचा इव्हिनिंग स्टार आहे. न्यूयॉर्क टाइम्सचे पैसे भरायच्या आधी हा बघ, राजधानीतला पेपर, स्टेट डिपार्टमेंट काय म्हणतंय ते त्यात यायचंच. नेदरलँड्सचं डेल्फर पण आहे पण ते डच, भाषांतर लावून वाचावं लागेल.

आता तारखांबद्दल, कारण इथे हमखास घोळ होतो. आपलं सैन्य आत शिरलं ते १७ च्या रात्री, १७ ला रविवार होता. आपल्याकडे रात्रीचे बारा म्हणजे वॉशिंग्टनला रविवारचे दुपारचे दीड. म्हणजे अमेरिकेतल्या सोमवार १८ च्या सकाळच्या पेपरला भरपूर वेळ होता. पण त्याच वेळी कॅनबेराला सोमवारची पहाट झालेली, साडेचार, पेपर छापून गाडीत चढलेला. न्यूझीलंडला तर साडेसहा. त्यामुळे त्यांच्या १८ तारखेच्या अंकात तुला 'हल्ला होणार का' असंच दिसेल आणि खरी बातमी १९ ला. तसंच पोर्तुगीजांची शरणागती १९ ला रात्री झाली, ती वॉशिंग्टनच्या संध्याकाळच्या पेपरला त्याच दिवशी घेता येत होती कारण तिथे सकाळच चालू होती, बाकीच्यांना २०. एक तारीख धरून सगळ्या देशांचे अंक शेजारी शेजारी ठेवलेस तर ऑस्ट्रेलियावाले झोपले होते असा निष्कर्ष निघेल. १० ते ३१ डिसेंबर असा पूर्ण पट्टा घे.

शोधताना नुसतं गोवा टाकू नको. इंग्रजीत तीन अक्षरांचा शब्द, स्कॅन अंधुक असला की मशीन त्याचं काहीही वाचतं, आणि गोल आणि गोट पण येतात वर. गोवा आणि सालाझार (पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा), गोवा आणि नेहरू, गोवा आणि मेनन (आपले तेव्हाचे संरक्षणमंत्री) असं जोडीने टाक. पंजिम, मार्मागोवा ही तेव्हाची स्पेलिंग टाकून बघ. आणि विमानांवरून शोधायचं असेल तर कॅनबेरा टाइम्समध्ये कॅनबेरा टाकू नको बाई, दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ती विमानं कॅनबेराच होती, पण तिथे तो शब्द प्रत्येक पानावर आहे 😀

सांखळीचो_भुरगो:

एवढं कशाला करता, टेलिग्रामवर चॅनेल आहेत ना, रोज सगळ्या जगातले पेपर पीडीएफ टाकतात. आणि मुक्तीचं हवं तर सरळ गोमन्तकचे डिसेंबर ६१ चे अंक बघ की, सेंट्रल लायब्ररीत असतील, परदेशी कशाला.

जुने_कागद:

@सांखळीचो_भुरगो बाबा, गोमन्तक सुरू झाला १९६२ साली, नवहिंद टाइम्स ६३ साली. डिसेंबर ६१ ला दोन्ही नव्हते. सालाझारच्या राज्यात असा मराठी दैनिक पेपर पणजीत काढू कोण देणार होतं? आणि त्या चॅनेलवर आजचे पेपर येतात, तेही चोरून. थिसिसमध्ये सोर्स म्हणून काय लिहिणार ती, टेलिग्राम?

सांखळीचो_भुरगो:

बरं बरं 🙏 मी आपलं सुचवलं

फोंड्याची_पोर:

जुने_कागद काका, देव बरें करूं तुमचं. काल रात्री बसले ती दोन वाजेपर्यंत. ट्रोव्ह भारी आहे, एका बाजूला पानाचा फोटो आणि बाजूला टाइप केलेला मजकूर, आणि तो मजकूर चुकलेला असेल तर कोणीही दुरुस्त करू शकतो, मी पण एका ठिकाणी पंजिम नीट केलं. इव्हिनिंग स्टार पण मिळाला, प्रेस पण, स्ट्रेट्स टाइम्स पण.

पण आता वेगळीच अडचण. सगळीकडे मजकूर जवळजवळ सारखाच आहे हो. तीच वाक्यं, तोच क्रम, कुठे चार परिच्छेद कुठे दहा. मला वाटलेलं प्रत्येक देशाचा वेगळा दृष्टिकोन दिसेल आणि मी त्यावर चॅप्टर लिहीन. आता दहा देश झाले तरी लिहू काय? एकच बातमी दहा वेळा? विषय बदलावा लागणार की काय असं वाटायला लागलंय.

रात्रपाळी:

विषय अजिबात बदलू नको बाय, तू आत्ताच खऱ्या कामापाशी आलीस. मी बरीच वर्षं पेपरच्या डेस्कवर होतो, टेलिप्रिंटर होता त्या काळापासून, म्हणून सांगतो तिथे काय चालायचं.

कोणत्याच पेपरला जगभर माणसं ठेवणं परवडत नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. बातमी यायची एजन्सीकडून, रॉयटर्स, एपी, यूपीआय, फ्रेंचांची एएफपी. एजन्सीचा माणूस दिल्लीत किंवा बेळगावात बसून एकदा लिहिणार आणि तीच कॉपी ख्राइस्टचर्च, सिंगापूर, वॉशिंग्टन सगळीकडे मशीनवर पडणार. आमच्याकडे ती कागदाची लांबच लांब सुरळी निघायची, खडखडखडखड रात्रभर, पट्टी लावून टर्रकन फाडायची आणि बातमीदारीची कॉपी एकीकडे, स्पोर्ट्स दुसरीकडे अशी खिळ्याला अडकवायची. मग सब एडिटर पेन घेऊन बसणार. जागा किती आहे, दोन कॉलम आठ इंच, मग खालून कापत यायचं. एजन्सीवाले लिहितातच असं की महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, म्हणजे कुठूनही कापलं तरी बातमी उभी राहते. तुला चार परिच्छेद आणि दहा परिच्छेद दिसतायत ते हेच.

तेव्हा दहा देशांचे पेपर म्हणजे दहा मतं असं धरूच नको. तुझ्या सरांनाही हे सांग, त्यांना पटेल. दहा पेपरांत मिळून दोन किंवा तीन एजन्सींची कॉपी असेल. मग पेपरचं स्वतःचं काय? मथळा. मथळा एजन्सी देत नाही, तो त्या पेपरच्या डेस्कवर बसतो. कोण हल्ला म्हणतो, कोण घुसले म्हणतो, कोण ताब्यात घेतलं म्हणतो, ते त्या डेस्कचं. दुसरं, कुठे कापलं. समजा रॉयटर्सच्या कॉपीत खाली नेहरूंचं म्हणणं होतं की चौदा वर्षं आम्ही बोलणी करायला बघितली, आणि एका पेपरने ते ठेवलं आणि दुसऱ्याने नेमकं त्याच्या वर कात्री चालवली, तर तो फरक तुझा. कधी कधी फक्त जाहिरात आली म्हणून कापलेलं असतं हेपण लक्षात ठेव, प्रत्येक कात्रीत राजकारण नसतं, पण चार दिवस सलग एकाच बाजूचं म्हणणं कापलं जात असेल तर तो योगायोग नाही. तिसरं, पान. पहिल्या पानावर घडीच्या वर की आत सातव्या पानावर भाजीच्या भावाशेजारी. ट्रोव्हवर नुसती बातमी उघडू नको, अख्खं पान उघड. आणि चौथं अग्रलेख, वाचकांची पत्रं आणि व्यंगचित्र, हे शंभर टक्के घरचं. तुझा खरा चॅप्टर अग्रलेखांवर उभा राहणार आहे. ते शोधात गोवा टाकून लगेच सापडत नाहीत कारण अग्रलेखाचा मथळा काहीतरी आडवाच असतो, नेहरूंचा ढोंगीपणा वगैरे थाटाचा, म्हणून १८ ते २३ चे अंक घेऊन संपादकीय पान हाताने उघडूनच बघायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे पोरं बघतच नाहीत. डेटलाइन. बातमीच्या सुरवातीला बारीक अक्षरात गावाचं नाव असतं ना, न्यू डेल्ही, डिसेंबर १८, ते. तू एक तक्ता कर, पेपर, तारीख, पान, एजन्सी आणि डेटलाइन. मग बघ काय दिसतं. तुला बहुतेक चारच गावं सापडतील, दिल्ली, बेळगाव, लिस्बन आणि न्यूयॉर्क. बेळगाव कारण सैन्याची जमवाजमव तिथे होती. न्यूयॉर्क कारण सुरक्षा परिषद. १८ ला तिथे अमेरिकेचे अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन भारताविरुद्ध बोलले, युद्धबंदी करून सैन्य मागे घ्या असा ठराव आला, सात मतं बाजूने पडली आणि रशियाने व्हेटो वापरला. विरोधात मत देणारे रशियाशिवाय सिलोन (आताची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). ही तीन नावं किती पेपरांनी छापली आणि किती पेपरांनी नुसतं 'रशियाने व्हेटो केला' एवढ्यावर भागवलं ते मोज, मजा येईल. आफ्रिका आशियातले देश भारताच्या बाजूला होते ही गोष्ट एका ओळीत गायब करता येते. बैठकीचं मूळ इतिवृत्त युनायटेड नेशन्सच्या डिजिटल लायब्ररीत फुकट आहे, ते शेजारी ठेवून ताडून बघता येईल.

आणि लिस्बन. १८ ला सकाळीच आपल्या विमानांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं. मग लिस्बनला गोव्यातून कळायला मार्ग किती राहिला? फारच थोडा. मुरगावला आफोन्सो द आल्बुकेर्क हे त्यांचं लढाऊ जहाज होतं तेही त्याच दिवशी निकामी झालं. तरी लिस्बनच्या डेटलाइनने बातम्या येतच होत्या, जोरात लढाई चालू आहे वगैरे, कारण सालाझारचा हुकूम होता शरण जायचं नाही. त्या बातम्या ज्या पेपरांनी १९ आणि २० ला पहिल्या पानावर लावल्या त्यांनी डेटलाइनसकट लावल्या की डेटलाइन खाऊन लावल्या, हे बघ. पणजीची स्वतःची डेटलाइन कधी दिसायला लागते ती तारीख पण टिपून ठेव प्रत्येक पेपरची. यातून तुझा एक चॅप्टर सहज निघेल, गोव्याची बातमी गोव्याबाहेर बसून लिहिली जात होती असा.

खूप लिहिलं, रात्रीची जागायची सवय जात नाही.

म्हापशेकार:

रात्रपाळी काका 🔥🔥 हे वाचून मलाच एमए करावंसं वाटायला लागलं

आल्तिन्यो_वयलें:

मी पोर्तुगीज शिकले आहे, शिकवतेही थोडं, म्हणून त्या बाजूचं सांगते, नाहीतर सगळं इंग्लिश पेपरांवरच होईल आणि ज्यांच्याशी भांडण होतं त्यांचंच राहून जाईल.

दियारियु द लिश्बोआ नावाचा लिस्बनचा संध्याकाळचा पेपर आहे, १९२१ पासून १९९० पर्यंत. तो अख्खा स्कॅन करून काझा कोमूं नावाच्या साइटवर ठेवलाय, मारियु सुवारिश फाउंडेशनने, फुकट. साल, महिना, तारीख असं करत अंकावर जायचं. लक्षात ठेव की तेव्हा तिथे सेन्सॉरशिप होती, १९७४ च्या एप्रिलपर्यंत होती, आणि पेपर सेन्सॉरकडून जाऊन आल्याचं पेपरातच छापलेलं असायचं, 'व्हिझादु पेला कोमिसांव द सेन्सुरा' अशी छोटीशी ओळ. ती ओळ शोध आणि तिचा फोटो डिसर्टेशनमध्ये लाव, दहा वाक्यांचं काम करेल. तिथे संपादकाला काय वाटलं हे कळायचं नाही, सरकारला काय वाटायला हवं होतं ते कळेल. पण हा पेपर तसा सरकारधार्जिणा समजला जायचा नाही, म्हणून तो काय छापू शकला नाही हे जास्त बोलकं.

आणि आता माझी आवडती युक्ती. ब्राझील. भाषा पोर्तुगीज, पण सालाझारची कात्री तिथे पोचत नव्हती, ब्राझीलमध्ये लष्करी राजवट आली ती ६४ साली, ६१ ला पेपर मोकळे होते. ब्राझीलच्या राष्ट्रीय लायब्ररीची हेमेरोतेका दिजिताल ब्राझिलेइरा म्हणून साइट आहे, अफाट आहे, फुकट आहे, आणि आतल्या मजकुरात शब्द शोधता येतो. रिओचा जोर्नाल दो ब्राझील घे आणि कोरेइयो दा मान्यां घे. शोधताना आधी दशक निवडावं लागतं, १९६० ते १९६९, मग पेपर, मग शब्द. तिथे गोवा नुसतं टाकलंस तरी चालतं पण इन्व्हाझांव जोडीला टाकलंस तर १८ नंतरचं नेमकं वर येतं. भारत आणि पोर्तुगालचे संबंध तुटल्यावर दिल्लीत पोर्तुगालचं काम ब्राझीलचा दूतावास बघत होता, त्यामुळे त्यांच्या पेपरांना हा विषय लांबचा नव्हता. लिस्बनचा एक अग्रलेख आणि रिओचे दोन, शेजारी ठेव.

भाषेची काळजी करू नको. मोबाइलचा कॅमेरा स्क्रीनवर धरून भाषांतर करणारं अ‍ॅप वापर, बातमीचा गाभा कळतो. पण जे वाक्य तू थिसिसमध्ये उद्धृत करणार ते मात्र माणसाकडून तपासून घे, अ‍ॅप नकार खातं कधी कधी, 'शरण गेले नाहीत' चं 'शरण गेले' करून ठेवतं. विद्यापीठात पोर्तुगीज विभाग आहे ताळगावला, तिथली पोरं आनंदाने मदत करतात, पाच सहा वाक्यांचा काय तो प्रश्न.

फोंड्याची_पोर:

मॅडम, काका, काय बोलू, माझं सिनॉप्सिस तुम्हीच लिहून दिल्यासारखं झालंय. तक्ता चालू केला आहे एक्सेलमध्ये. डेटलाइनचा कॉलम भरताना खरंच तेच चार गावांचं दिसतंय, आणि एका पेपरात डेटलाइनच नाही, नुसतं 'स्पेशल' असं आहे, ते काय?

अजून दोन शंका. इंग्लंडचं काय करू, लंडनचे पेपर नसले तर सर नक्की विचारणार. आणि हे सगळं ऑनलाइन बघितलेलं संदर्भात कसं लिहायचं, लिंक द्यायची का पान नंबर?

रात्रपाळी:

स्पेशल म्हणजे त्या पेपरचा स्वतःचा बातमीदार किंवा त्यांच्यासाठी मुद्दाम पाठवलेली कॉपी, एजन्सीची नाही. असं दिसलं की पिवळा रंग लावून ठेव एक्सेलमध्ये, ते सोनं आहे. तो माणूस कुठे होता ते मजकुरातून शोधून काढ.

जुने_कागद:

इंग्लंडचं फुकटात अवघड आहे, खरं तेच सांगतो. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये शोधायला पैसे लागत नाहीत, पान उघडायला लागतात. म्हणून आधी फुकट शोधून कुठल्या पेपरात कुठल्या तारखेला काय आहे त्याची यादी काढ आणि मगच थोड्या दिवसांचं घे. द टाइम्स आणि द गार्डियनचे जुने अंक मोठमोठ्या डेटाबेसमध्ये आहेत, गेल आणि प्रोक्वेस्टच्या, त्यांची वर्गणी एकट्या माणसाच्या आवाक्यातली नाही, ती विद्यापीठं भरतात. प्रोक्वेस्टमध्ये आपला टाइम्स ऑफ इंडिया पण आहे १८३८ पासूनचा. तुझ्या लायब्ररीत काय काय चालू आहे ते काउंटरवर नुसतं 'ऑनलाइन पेपर आहेत का' असं विचारू नको, नाही म्हणून मोकळे होतील. डेटाबेसचं नाव घेऊन विचार आणि घरून लॉगिन मिळतं का ते विचार. नसेल तर बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात शिकणारा कोणी मित्र मैत्रीण असेल तर त्याला एखाद दुसरा लेख काढून द्यायला सांगता येतं, अख्खा डेटाबेस उपसायला नाही. ती वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आली ना २०२५ ला, त्यावर फार भिस्त ठेवू नको, तो मुख्यतः संशोधन नियतकालिकांचा मामला आहे.

एक फुकटची वाट आहे, गूगलचं न्यूज आर्काइव्ह. गूगलने २०११ ला स्कॅनिंग बंद केलं आणि तसंच सोडून दिलं, शोधाची पेटी धड चालत नाही, पण पेपरांच्या नावांची यादी आहे, तिथून द ग्लासगो हेराल्ड उघडून तारखेने पानं उलटता येतात. लंडन नाही पण ब्रिटन तर आहे. कॅनडाचा मॉन्ट्रियल गॅझेटही तिथेच. झूम करताना पान सरकतं, डोकं फिरतं, पण चालतं. काही अंक मधूनच गायब असतात, मिळाला नाही तर पुढचा उघड.

संदर्भात पेपरचं नाव, गाव, तारीख, पान, मथळा हे आधी आणि शेवटी साइटचं नाव व कधी बघितलं ती तारीख. पान नंबर हवाच, कारण लिंक उद्या बदलेल, पान बदलत नाही. ट्रोव्ह आणि पेपर्स पास्टवर तयार संदर्भ देणारं बटन आहे, ते वापर, त्यातली लिंक कायमची असते. आणि प्रत्येक पानाचा पीडीएफ उतरवून ठेव, नावात तारीख आधी टाक म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप ओळीने लागतात. व्हायव्हाला कोणी विचारलं की हे खरंच छापलेलं का, तर लॅपटॉप फिरवून दाखवायचं.

आणि सगळं ऑनलाइनच करू नको गो. पणजीत पाटोवर सेंट्रल लायब्ररीत एक दिवस काढ, शनिवारी वगैरे, बाहेर कदंबा स्टँड आहेच, फोंड्याची बस मिळते. ती १८३२ पासूनची लायब्ररी आहे, गोव्यात निघालेले पोर्तुगीज पेपर तिथे आहेत, आपला गोव्याचा हेराल्ड तेव्हा पोर्तुगीजच होता, १९८३ ला इंग्रजी झाला. परदेशी पेपर म्हणून नाही पण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पणजीतल्या लोकांना काय वाचायला मिळत होतं ते कळेल. जायच्या आधी फोन करून विचार, कुठले बाउंड व्हॉल्यूम बाहेर काढतात आणि कुठले फक्त डिजिटल दाखवतात.

आल्तिन्यो_वयलें:

आणि पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च, ते विसरू नको. कॉलेजचं पत्र घेऊन जा.

सांखळीचो_भुरगो:

मी पण ट्रोव्ह उघडलं काल 😅 टेलिग्रामपेक्षा बरं आहे. ते व्हासालु इ सिल्वाला, म्हणजे गोव्याच्या शेवटच्या पोर्तुगीज गव्हर्नर जनरलला, पुढे काय झालं त्याबद्दल पण पेपरात असेल का? आमच्या शाळेच्या पुस्तकात शरण गेला एवढंच आहे.

आल्तिन्यो_वयलें:

@सांखळीचो_भुरगो पोर्तुगालला परत गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं, शहर बेचिराख करून मरा असं सांगितलेलं असताना तो शरण गेला म्हणून. ७४ ला तिथली राजवट पडली मग त्याला परत घेतलं. दियारियु द लिश्बोआमध्ये ६२ ते ६३ चे अंक आणि मग ७४ चे अंक दोन्ही बघ, तू इतिहास घेतला असशील तर हा तुझा प्रोजेक्ट होऊ शकतो.

सांखळीचो_भुरगो:

मी बीकॉम आहे मॅडम 😂 पण बघतो

फोंड्याची_पोर:

आज सरांना तक्ता दाखवला. दहा देशांचा हट्ट सोडला त्यांनी, म्हणाले सहा पेपर घे पण अग्रलेख सगळे, आणि डेटलाइनवर वेगळा चॅप्टर. सध्या इव्हिनिंग स्टार, कॅनबेरा टाइम्स, ट्रिब्यून, स्ट्रेट्स टाइम्स, दियारियु द लिश्बोआ आणि जोर्नाल दो ब्राझील असे धरलेत, ग्लासगो हेराल्डचे अंक सलग मिळाले तर स्ट्रेट्स टाइम्स काढून तो घालू का असं चाललंय डोक्यात.

रात्रपाळी:

स्ट्रेट्स टाइम्स काढू नको. काढायचाच तर दुसरा कुठलाही काढ, आशियातला तो एकच आहे तुझ्याकडे. ग्लासगो हेराल्ड सातवा घाल, सर नाही म्हणणार नाहीत.